बंगला लाइनच्या सहा नळ्या

उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये हिम सगळीकडे सारखं साचत नाही. ज्या खणाला हात लागत नाही तिथे ते बोटभर जाड होतं, पांढरं आणि घट्ट. जिथली डबी अधूनमधून बाहेर निघते तिथे ते पातळ सायीसारखं राहतं. चौथ्या खणातल्या उजवीकडच्या डबीवर अशी साय होती. शेजारच्या डब्यांवरची अक्षरं केव्हाच हिमाखाली गाडली गेली होती. या एका डबीवरचं ‘बंगला लाइन, मागील वर्ष’ मात्र सहज वाचता येत होतं.

फ्रीजरची किल्ली फक्त डॉ. ऋजुता मगदूमकडे असे. म्हणजे ती डबी आपणच इतक्या वेळा बाहेर काढली आणि परत ठेवली, हे तिला त्या हिमावरून कळलं.

चिलुबेमा हे झांबियाच्या उत्तरेकडच्या पठारावरचं गाव. पूर्वी इथे नुसतं रान होतं. मग साखर कारखाना उभा राहिला आणि त्यामागून सांगली-कोल्हापूरकडची साखरेतली जाणकार माणसं आली. कारखान्याच्या ट्रस्टने इस्पितळ बांधलं. ऋजुताचा नवरा अभिनंदन कारखान्यात चीफ केमिस्ट होता आणि इस्पितळाची प्रयोगशाळा ऋजुता सांभाळत होती. सहा भारतीय अधिकारी ओळीने बांधलेल्या सहा बंगल्यांत राहत, त्या ओळीचं नाव बंगला लाइन. दर वर्षी गळीत हंगाम संपला की सगळ्या कर्मचाऱ्यांची आरोग्य तपासणी होई. गेल्या वर्षीच्या तपासणीच्या वेळी नवं यंत्र अजून यायचं होतं, म्हणून तिने लघवीचे नमुने गोठवून ठेवले होते. बंगला लाइनच्या सहा नळ्या होत्या. त्यांच्यावर नावं नव्हती, फक्त क्रमांक होते. पण क्रमांकांच्या चिकटपट्ट्या तिनेच लावल्या होत्या, आणि त्यातला एक क्रमांक तिला विसरता येत नव्हता.

“डॉक्टर, इतकी आतबाहेर केलीत तर त्या डबीलाच ताप भरेल,” सिस्टर ब्वाल्या दारातून म्हणाली.

ऋजुताने डबी जागेवर ठेवली. “तू कधी आलीस?”

“तुम्ही ती हातात धरून उभ्या होतात तेव्हा. मागच्या खेपेसारख्याच.” ब्वाल्याने एक छापील पत्र टेबलावर टाकलं. “कारखान्याचं उत्तर आलंय. वाचा, आणि मग सांगा, मी ओरडू की तुम्ही ओरडताय.”

ऋजुताने वाचलं. बलात्काराची तक्रार केलेल्या सात मजूर बाया आणि बंगला लाइन यांच्यात एकाच जंतूचा संसर्ग आढळला आहे. संसर्गाचा उगम मुताले फिरी ही खुरपणीची मजूर आहे, असं इस्पितळाच्याच यंत्राने दाखवलं आहे. सबब तिच्यावर जाणूनबुजून रोग पसरवल्याची तक्रार दाखल करण्यात येत असून सातही जणींना कामावरून कमी करून मजूर चाळीतल्या खोल्या रिकाम्या करण्यास सांगण्यात येत आहे. शुक्रवारी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांसमोर सुनावणी.

“उगम,” ब्वाल्या म्हणाली. “हा शब्द तुमच्या चुगलखोराचा आहे ना?”

चुगलखोर हे तिने यंत्राला दिलेलं नाव.

यंत्र दिसायला जेवणाच्या डब्याएवढं होतं. परम्याचा, म्हणजे गोनोरियाचा, जंतू अलीकडे एकेका औषधाला दाद देईनासा झाला होता, त्याच्यावर पाळत ठेवण्यासाठी ते ट्रस्टने विकत घेतलं होतं. ते काय करतं हे ऋजुता नव्या परिचारिकांना असं समजावत असे: जंतू स्वतःची नक्कल करतो तेव्हा नकलेत थोड्या चुका होतात. त्या चुका पुढच्या पिढीत तशाच उतरतात आणि त्यात नव्या भर पडतात. दोन माणसांतल्या जंतूंच्या चुका जुळल्या तर ते जंतू जवळचे नातेवाईक. सगळ्या नमुन्यांची अशी तुलना केली की पडद्यावर एक वेल तयार होते आणि कोणती फांदी कुणाच्या शेजारी आहे ते कळतं.

पण शेजारी असणं वेगळं आणि मुळाशी असणं वेगळं. कुणाकडून कुणाकडे, हे वेल स्वतः सांगत नाही. त्यासाठी यंत्राला काहीतरी गृहीत धरावं लागतं. हे यंत्र नमुन्याची तारीख धरत होतं. ज्याचा नमुना आधी आला, ते मूळ.

चिलुबेमाच्या इस्पितळात नमुना केव्हा येतो, हे यंत्र बनवणाऱ्यांना माहीत नव्हतं. अत्याचार झालेली बाई इथे आली की तिला आधी पोलीस चौकीवरून शिक्क्याचा कागद आणायला पाठवत. कायद्यातली ती सक्ती केव्हाच गेली होती, पण रिवाज उरला होता. चौकी लांब. शिक्का मारणारा जागेवर असेलच असं नाही. एचआयव्ही रोखणाऱ्या गोळ्या तीन दिवसांच्या आत सुरू कराव्या लागतात, आणि कितीतरी बाया शिक्का घेऊन येत तेव्हा त्या द्यायला उशीर झालेला असे. काही जणी तर कित्येक महिन्यांनी येत, आणि त्याही पोटात दुखतं म्हणून.

मुताले मात्र त्याच दिवशी आली होती, आणि ब्वाल्याने तिला चौकीवर धाडलं नव्हतं. आधी आत घेतलं, दार लावलं, पाणी दिलं, तिला विचारून नमुने घेतले, गोळ्या दिल्या. शिक्क्याचं मग बघू म्हणाली. म्हणून तिचा नमुना सगळ्यांत आधी नोंदला गेला. उरलेल्या सहा जणींपैकी चौघींवरचा अत्याचार तिच्या आधीचा होता. त्यांचे नमुने नंतरचे होते.

ऋजुताने हे ब्वाल्याला सांगितलं. ब्वाल्याने जवळचा हातमोज्यांचा खोका भिंतीवर भिरकावला.

“म्हणजे मी तिला इतर बायांसारखं हाकललं असतं, उन्हातान्हात चौकीवर पाठवलं असतं, तर आज ती सुटली असती. नीट वागवलं म्हणून अडकली.” ती खाली पडलेले हातमोजे गोळा करायला वाकली आणि तशीच वाकून म्हणाली, “आणि तुम्ही ते यंत्र तसंच चालू ठेवलंत.”

“मी बदल सुचवला होता. ट्रस्टकडे.”

“सुचवला होता!” ब्वाल्या हसली. ते हसू ऐकवत नव्हतं.

यंदाच्या तपासणीत बंगला लाइनच्या सहाही नमुन्यांची एकत्र मिसळून एकच चाचणी झाली होती. तशी पद्धतच होती, खर्च वाचतो. मिश्रणात जंतू सापडला. कारखान्याच्या डॉक्टरने त्याच संध्याकाळी सहा बंगल्यांवर जाऊन सहा जणांना नव्या औषधाचं इंजेक्शन दिलं आणि नमुने जाळून टाकले. शिक्का कुणालाच मागितला नाही. आता पुरुषांना तपासून काही कळणार नव्हतं. उरल्या होत्या त्या फक्त गेल्या वर्षीच्या सहा नळ्या. त्या मुतालेवरच्या प्रसंगाच्या पाच महिने आधीच्या होत्या आणि सुट्या सुट्या होत्या. हा जंतू पुरुषात महिनोन्महिने काही त्रास न देता राहू शकतो. त्यातल्या एका नळीत जरी तो असेल, तर वेल उलटी होईल.

आणि ऋजुताला आणखी एक गोष्ट माहीत होती, जी तिने ब्वाल्यालासुद्धा सांगितली नव्हती. या जंतूच्या एका जनुकात एक विशिष्ट बदल होता. आफ्रिकेतल्या कुठल्याच नोंदीत तो नव्हता. तो नोंदवला होता भारतातल्या प्रयोगशाळांनी. जंतू विमानाने आला होता.

तिने स्वतःची तपासणी केली होती. त्यात काही निघालं नाही. त्याने काहीच सिद्ध होत नाही, हे तिला इतर कुणाहीपेक्षा जास्त कळत होतं.

*

मुताले इस्पितळाच्या मागच्या पायऱ्यांवर शेंगा सोलत बसली होती. तिशीची असेल. चितेंगेच्या कापडाने डोकं बांधलेलं. ब्वाल्या तिला तिच्या मुलाच्या नावाने ‘बाना चांदा’, म्हणजे चांदाची आई, म्हणत असे. ऋजुताला आता बेम्बा भाषा समजे, बोलताना अडखळायला होई.

“बाना चांदा, शुक्रवारी तुमच्या बाजूने बोलता यावं म्हणून विचारते,” ती म्हणाली. “तो कोण होता, ते तुम्ही मला सांगितलंत तर—”

“तुमच्या यंत्राला विचारा,” मुताले म्हणाली. “त्याला सगळं कळतं. मी रोगाची आई आहे, हे मला त्याच्याकडूनच कळलं.”

“यंत्र चुकलंय.”

“मग यंत्राला कामावरून काढलं का?” तिने शेंग फोडली. “त्याला खोली रिकामी करायला सांगितली?”

ब्वाल्या मागे उभी होती. तिने तोंडावर हात धरला.

ऋजुता पायरीवर बसली. “तुम्ही चौकीवर नाव सांगितलं होतं?”

“सांगितलं. तो हवालदार म्हणाला, तू फार लांबचं बोलतेस, जवळचं बोल. अंगावर काय होतं ते तीनदा विचारलं. नाव एकदाही लिहिलं नाही.” मुतालेने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. “तुम्हाला नाही सांगणार. तुम्ही त्या ओळीत राहता. मी नाव सांगेन, तुम्ही ते घरी घेऊन जाल, रात्रभर त्याच्याबरोबर बसाल, आणि सकाळी मला सांगाल की पुरावा नाही. मला पुरावा नको आहे. मी तिथे होते.”

शेंगांची टरफलं तिने ओच्यात गोळा केली.

“डॉक्टर, मला कोण ते माहीत आहे. आम्हा सातही जणींना माहीत आहे. सगळं पठार जाणतं. ज्यांना माहीत नाही ते तुम्हीच आहात, आणि तपासणार पण तुम्हीच.”

*

गुरुवारी संध्याकाळी अभिनंदन कारखान्यातून आला. पांढऱ्या मक्याच्या पिठाची भाकरी एव्हाना ऋजुताला चांगली जमायला लागली होती. तो ती मिरचीच्या ठेच्याबरोबर खात असे आणि दर वेळी म्हणत असे की ज्वारीची सर नाही. आज म्हणाला नाही.

“थोरवतसाहेबांनी बोलावलं होतं,” तो म्हणाला. थोरवत म्हणजे कारखान्याचे जनरल मॅनेजर, बंगला लाइनपासून वेगळे राहणारे. “म्हणाले, वहिनींना सांगा, उद्या फक्त हजर राहायचं. अहवाल त्यांच्या सहीचा आहेच. जास्तीचं काही बोलायची गरज नाही.”

“अहवालात वेल आहे. तिचं मूळ चुकीचं आहे.”

“मूळ तुझ्या यंत्रानेच काढलंय, ऋजुता.”

“अभि, तारखेवरून काढलंय. जी आधी आली ती गुन्हेगार. तू रसाचा नमुना घेतोस, तो ट्रक कधी आला त्यावरून ऊस कधी तोडला हे ठरवतोस का?”

हे त्याला लगेच कळणार हे तिला माहीत होतं. चौदा वर्षं त्याने हेच काम केलं होतं. तोडून उन्हात पडलेला ऊस आणि ताजा ऊस तो नुसत्या वासावरून ओळखत असे.

“गेल्या वर्षीच्या नळ्या आहेत,” ती म्हणाली. “बंगला लाइनच्या.”

“मला माहीत आहे.”

“मी त्या उघडल्या तर—”

“मी नाही गं, ऋजुता.”

तिने विचारलेलं नव्हतं. तिने काय म्हणायला सुरुवात केली होती ते तिचं तिलाच आठवेना.

“उघडलीस तर सहाही घरं बदनाम होतील,” तो आता भराभर बोलत होता. “आपण सहा घरं इथे जिवाला जीव देऊन राहतोय. एक माणूस असेल, पण बोटं सगळ्यांकडे जाणार. इथे काम करायचे परवाने रद्द होतील. गावाकडे काय सांगणार? आईला काय सांगू मी?”

“आत्ता सात बाया बदनाम आहेत. त्यांनी आईला काय सांगायचं?”

“तसं नाही म्हणत मी.”

“मग कसं म्हणतोस?”

तो उठला, बेसिनपाशी गेला, हात धूत राहिला. पाण्याचा आवाज बराच वेळ येत होता. परत आला तेव्हा त्याचा आवाज मऊ झाला होता, आणि तिला त्या मऊपणाचा संताप आला.

“ऐक. माझी एकट्याची नळी तपास. मी परवानगी देतो, लिहून देतो. बाकीच्या घरांत कुणाला कळायला नको. तुझं समाधान होईल. मग तो विषय आपल्यापुरता संपला. उद्या तू खोटं काही बोलू नकोस, फक्त गप्प बस.”

ऋजुताने भाकरी ताटात ठेवली.

तीन आठवडे ती डबी बाहेर काढून परत का ठेवत होती, हे तिला आता समजलं. हाच सौदा ती स्वतःशी करत आली होती. एकच नळी. तिच्यात काही निघालं नाही की छातीवरचा दगड उतरेल, झोप लागेल, आणि मुताले तिच्या वेलीच्या मुळाशी तशीच बसून राहील. विज्ञानाचं नाव घेऊन ती स्वतःचा संसार तपासायला निघाली होती. नमुन्यांत सात बाया होत्या आणि तिची भीती एका पुरुषाची होती.

“लिहून दे,” ती म्हणाली.

त्याने लिहून दिलं. अक्षर स्थिर होतं. त्याचा अर्थ काय लावायचा, हे तिला ठरवता येईना, आणि अक्षरावरून अर्थ लावायची पाळी यावी याचीच तिला चीड आली.

*

सुनावणी इस्पितळाच्या दालनात होती. जिल्हा आरोग्य अधिकारी कासोंदे मध्ये बसले होते. वयस्क, चष्म्याची दांडी चिकटपट्टीने जोडलेली. एका बाजूला थोरवत आणि कारखान्याचा वकील. दुसऱ्या रांगेत बंगला लाइनचे सहाही जण इस्त्रीच्या शर्टांत बसले होते, अभिनंदन कडेला. मागे सात बाया आणि त्यांच्याबरोबर आलेली निम्मी मजूर चाळ.

पडद्यावर वेल होती. मुळाशी लाल ठिपका.

“यात आमचं मत काहीच नाही,” थोरवत इंग्रजीत सांगत होते आणि ब्वाल्या ते बेम्बात सांगत होती. “हे शास्त्र आहे. इस्पितळाचंच. आम्हाला कुणाला दोष द्यायचा नाही, पण आमच्या अधिकाऱ्यांच्या कुटुंबांना धोका पोहोचलाय. रोग इथून निघाला,” त्यांनी लाल ठिपक्यावर लेझर पॉइंटर धरला, “आणि इथे आला.”

“इथे म्हणजे कुठे?” कासोंदेंनी विचारलं.

“आमच्याकडे.”

“तो चालत आला का?”

मागे कुणीतरी हसलं. थोरवत हसले नाहीत. “तो कसा आला हे ज्याचं त्याचं खासगी आहे. प्रश्न उगमाचा आहे.”

कासोंदेंनी चष्मा पुसला. “मुताले फिरी, तुम्हाला काही म्हणायचं आहे?”

मुताले उभी राहिली. तिने पडद्याकडे पाहिलंच नाही. ती दुसऱ्या रांगेकडे पाहत होती, आणि दुसऱ्या रांगेतले सहाही जण पडद्याकडे पाहत होते.

“मी पहिली आजारी पडले नाही,” ती म्हणाली. “मी पहिली आले. दवाखान्यात यायचं असतं असं आम्हाला याच दालनात सांगितलं होतं. लाजू नका, लगेच या, असं. चित्रं दाखवली होती. मी लगेच आले. आता माझ्या चाळीतल्या मुली काय शिकतील? उशिरा जा. किंवा जाऊच नका.”

ब्वाल्याने हे इंग्रजीत सांगायला सुरुवात केली आणि मध्येच तिचा आवाज फुटला. तिने ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

“सहानुभूती आहे,” वकील म्हणाला. “पण सहानुभूती म्हणजे पुरावा नव्हे. अहवालावर डॉक्टर मगदूम यांची सही आहे. त्या इथे हजर आहेत आणि त्यांनी कोणतीही हरकत नोंदवलेली नाही.”

सगळ्यांनी ऋजुताकडे पाहिलं. ती सहसा बैठकीत बोलत नसे. बोललीच तर खाली बघून, आकडे सांगून, बसून जाई. ती उठली तेव्हा खुर्ची मागे सरकून पडली आणि तिने ती उचलली नाही.

“हरकत नोंदवते,” ती म्हणाली. “यंत्राने काढलेलं मूळ चुकीचं आहे. ते आजाराची तारीख बघत नाही, नमुन्याची बघतं. आमच्याकडे बायांना नमुना देण्याआधी शिक्का आणायला पाठवतात. त्या उशिरा पोहोचतात, म्हणून वेलीच्या टोकाला जातात. जिला आम्ही पाठवलं नाही, ती मुळाशी आली. हे चित्र रोगाचं नाही. आमच्या वागणुकीचं आहे.”

“तुमचं अनुमान,” वकील म्हणाला.

“दुसरं. या जंतूत जो बदल आहे तो या खंडात कुठेच नोंदलेला नाही. भारतात नोंदलेला आहे.” तिने थोरवतांकडे पाहिलं आणि मराठीत म्हटलं, “साहेब, हा आपल्याकडचा आहे. आपण आणलाय.” मग तेच इंग्रजीत. ब्वाल्याने ते बेम्बात सांगितलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. मागच्या बाजूला गलका उसळला.

“वहिनी, बसा,” थोरवत मराठीत म्हणाले. “घरचं घरात बोलू.”

“घरात बोलून झालं.”

कासोंदेंनी टेबलावर हात आपटून शांतता केली. “डॉक्टर, हे सिद्ध करता येईल असं काही तुमच्याकडे आहे?”

अभिनंदन तिच्याकडे पाहत होता. त्याने मान अगदी किंचित हलवली. नको, असं ते होतं. किंवा कर, असं. चौदा वर्षांच्या संसारानंतर तिला ते वाचता आलं नाही, आणि ते न वाचताच पुढे जायला हवं हे तिला कळलं. तिने खिशातून फ्रीजरची किल्ली काढली आणि टेबलावर, कासोंदेंच्या समोर ठेवली.

“गेल्या वर्षीच्या सहा नळ्या आहेत,” ती म्हणाली. “मुतालेच्या नमुन्याच्या पाच महिने आधीच्या. रोगप्रसाराच्या अभ्यासासाठी वापरायला सहाही जणांनी तेव्हाच संमती दिली होती. तीन आठवडे मी त्या बाहेर काढते आहे आणि परत ठेवते आहे, कारण त्यातली एक माझ्या नवऱ्याची आहे. काल त्याने ती एकटीच तपासायची परवानगी दिली, म्हणजे माझी खात्री पटेल आणि मी गप्प बसेन.” तिचा आवाज चढला, आणि तो तिने चढू दिला. “मला खात्री नको आहे. यंत्र इथे आणा. पहिली नळी चीफ केमिस्ट मगदूम यांची, त्यांच्या नावासकट. तिच्यात काहीही निघो, मी तिथे थांबणार नाही. सहाच्या सहा नळ्या मी आज, या बायांच्या समोर उघडणार आहे.”